विशीतले कान

माणूस खोटं बोलेल, पण त्याचे कान बोलणार नाहीत, असं ऑडिऑलॉजीच्या, म्हणजे कान तपासण्याच्या अभ्यासक्रमाच्या सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं. प्रात्यक्षिक परीक्षेत त्यांच्या एका विद्यार्थिनीच्या वाट्याला पंचाहत्तरीच्या आजी आल्या आणि त्यांचे कान निघाले विशीतले! हेडफोनमध्ये बारीकात बारीक आवाज सोडला, तरी आजी बटण दाबायच्या. तिला संशय आला. तिने आवाज न सोडता मशीनवर नुसताच हात हलवला. आजींनी बटण दाबलं.

काचेच्या खोलीचं दार उघडून ती म्हणाली, "आजी, मला फसवताय होय?"

"तुझा हात हलला की दाबते गं. सकाळच्या पोरीच्या वेळी मला काहीच ऐकू येईना, तर सरांनी बिचारीला नापास केलं."

हेडफोनची वायर सकाळपासून मशीनला जोडलेलीच नव्हती.