फळांचं वाण

"आईला कळू देऊ नको, माधवी. तिला सोसायचं न्हाय."

सुरतच्या दवाखान्यात ऋषिराज एवढंच बोलला. त्याचा दुधाचा टँकर घाटात उलटला होता. रात्र सरायच्या आत तो गेला. माधवीच्या भावानं सगळं तिथंच उरकलं.

काटेवाडीला परतल्यावर माधवीनं सासूला सांगितलं, "आत्या, कंपनीनं त्यांना तिकडनंच मस्कतला धाडलं. तिथून फोन लवकर लागत न्हाय म्हणं."

कुशाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "बरं," त्या म्हणाल्या. "आधी दोन घास खा तू."

त्यांचं काळीज नाजूक आहे, जपा, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. म्हणून माधवी रोज सकाळी तुळशीला पाणी घालून कपाळाला कुंकू लावी आणि मनातल्या मनात देवाची क्षमा मागे. नेमधर्म पाळणारी बाई ती, तिला हे फार जड जाई. गल्लीला सगळं ठाऊक होतं, पण गल्ली गप्प होती. मागच्या संक्रांतीला बायका हळदीकुंकवाला आल्या, वाण घेऊन गेल्या, कुणी ब्र काढला नाही.

यंदाच्या वाणाला तिनं क्रोशाची फळं विणायला घेतली. गरम पातेलं चुलीवरनं उतरवायला जोडी जोडी. पेरू, सीताफळ, डाळिंब. बारामतीहून जाड सुती दोरा आणला आणि हाताला चटका बसू नये म्हणून वीण घट्ट ठेवली.

कुशाबाईंनी एक जोडी उचलून उजेडात धरली.

"हे डाळिंब हाय का कांदा?"

"डाळिंब हाय, आत्या."

"मग डोक्यावर मुकुट कुठं हाय त्याच्या? असलं वाण दिलंस तर शेजारची रतन हळदीकुंकवातच डोळं पुसंल."

माधवीला हसू आलं. किती दिवसांनी आलं, तिचं तिलाच नवल वाटलं. तिनं दोरा ओढला आणि मुकुट विणायला घेतला.

"ऋषीचा फोन?" कुशाबाईंनी सहज विचारलं.

"न्हाय आला."

"असू दे. लांबचा मुलूख."

भोगीच्या दिवशी शेजारच्या रतनकाकू मागच्या दारानं आल्या. बसल्या नाहीत.

"राग मानू नको, माधवी. श्रेयाचा पहिलाच सण हाय आमच्या घरात. नवी नवरी ती, अन् तुझ्या हातचं कुंकू... बाकीच्या बी यंदा नको म्हणत्यात गं."

"कुणीच आलं न्हाय तर आत्यांना काय सांगू, काकू?"

"खरं सांग की. किती दिवस झाकशील?"

संक्रांतीला माधवीनं सुगडं पुजली, नैवेद्य दाखवला आणि देव्हाऱ्यापुढं बराच वेळ बसून राहिली. सतरंजी अंथरायची कुणासाठी? आज सांगून टाकायचं, तिनं ठरवलं. शब्द मोडला तर मोडला. सासूला काही झालं तर तेही पाप आपल्याच माथ्यावर. ती उठून सासूच्या खोलीत गेली.

कुशाबाईंची खाट रिकामी होती. कोपऱ्यात काठी नव्हती. खुंटीवरची फळांची पिशवीही नव्हती.

दिवाळीपासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. माधवी अनवाणीच बाहेर धावली. रतनकाकूंच्या पडवीतून सासूचा आवाज आला, तशी ती भिंतीपाशी थबकली.

"बस, बस, चहा नको. मी कुंकू लावायला न्हाय आली, मला कुठला मान? निस्तं हे वाण दाखवून हळदीकुंकवाला बोलवायला आलीय."

"मावशी, तुमाला माधवी काय बोलली न्हाय का?" रतनकाकूंनी विचारलं. "आवो, तुमचा ऋषी..."

"सुरतेहून आली तवा पायात जोडवी नव्हती तिच्या. दुसऱ्या दिशी नवी घालून माझ्यापुढं चहा घेऊन आली. म्या कप घेतला. काय करणार? मला ठाव हाय असं कळलं, तर त्याच दिशी कपाळ पुसंल ती. माझं पुसलं तवा ऋषी पाळण्यात हुता, अन् तवापासनं एक बाई मला हळदीकुंकवाला बोलवायला आली न्हाय. लग्नात हिच्या आईनं पोर माझ्या मांडीवर बसवली, तवा शब्द दिलाय मी, हिला कधी एकटी पडू देणार न्हाय." खाटेची करकर झाली, काठी जमिनीला टेकली. "श्रेयाला घेऊन ये. मी जाते, अजून समदी आळी राहिलीय." माधवी भिंतीआड सरकली. पिशवी खांद्याला लावून कुशाबाई पुढच्या घराकडं निघाल्या.