विजयाचा पेढा

मृदुलाने कंपनीतून आणलेला पेढा दादांच्या डाव्या हातावर ठेवला, तेवढ्यात त्यांच्या गळ्यातला पट्टा परक्या आवाजात म्हणाला, "ही सेवा आज सहा वाजता कायमची बंद होईल."

पावणेसहा वाजले होते.

अर्धांगवायूत दादांची, तिच्या वडिलांची, वाचा गेली, लिहिता हातही गेला. तेव्हापासून त्यांच्या मनातलं हा पट्टाच बोलून दाखवी. तो बनवणारी छोटी कंपनी एआयच्या शर्यतीत मागे पडली आणि मृदुलाच्या कंपनीने कालच ती गिळली. नकोशा सेवांची यादी मृदुलानेच केली होती. हजाराच्या आत ग्राहक दिसले की काट मारायची. नावं वाचायला वेळ कुणाला होता?

तिने साहेबांना फोन लावला. "हर्षवर्धन, आठवडाभर तरी चालू ठेव रे!"

"अगं, नव्या मॉडेलला ते सर्व्हर आजच हवेत. आपण थांबलो तर दुसरे पुढे जातील, हे तूच सांगत होतीस ना? थांब, वर विचारतो."

फोनवर संगीत वाजू लागलं.

"मृदुला," दादा म्हणाले, "राहू दे ते. इकडे ये, तुला एक सांगायचंय."

"दादा, तुमच्यासाठीच चाललंय ना! एक मिनिट थांबा."

संगीत संपता संपेना. अखेर हर्षवर्धन म्हणाला, "सॉरी, नाही जमणार."

मृदुला वळली. "बोला, दादा."

पट्ट्यावरचा दिवा विझला होता. दादांनी हातातला पेढा उचलला आणि तिच्या तोंडाशी धरला.