वीज येईपर्यंत

"बॅकअपवर काय काय चालवायचंय?" दुकानदाराने विचारलं. "पंखे, फ्रिज, टीव्ही?"

"माणूस," आई म्हणाली.

दुकानदार हसला. मग मुलीचा चेहरा बघून हसायचा थांबला. मुलीने घाईघाईने सांगितलं, बाबांना श्वासाचं मशीन लावलंय, घरीच, रात्रंदिवस. मशीनच्या आतली बॅटरी गेल्यातच जमा आहे. घरात बाहेरून जोडलेली ॲसिडची एक आहे, तीही हल्ली मान टाकते. उद्या तिचं विमान होतं. आज नवी बॅटरी बसवूनच ती जाणार होती.

"मग लिथियमच घ्या." दुकानदाराने एका पांढऱ्या डब्यावर हात ठेवला. "पाणी घालायची कटकट नाही. आणि वीज थोडा वेळ जरी आली, तरी तेवढ्यात बरीच भरून घेते. तुमच्याकडे एकदा गेली की किती वेळ जाते?"

मुलीने आईकडे बघितलं. ती राहायची दुसऱ्या देशात. तिला हे ठाऊक नव्हतं.

"येईपर्यंत," आई म्हणाली.

"तसं नाही, मावशी. अंदाजे सांगा."

"आधी जरा वेळ जायची. मग दुपारभर जायला लागली. मागच्या आठवड्यात गेली ती दिवस मावळला तरी पत्ता नाही. पुढे किती जाईल ते मी कसं सांगू? मला विचारून जाते का ती?"

दुकानदाराने मनाशी हिशेब केला. "ही एक दिवस काढेल."

"याहून मोठी?" मुलीने विचारलं.

"आहे. दीड-दोन दिवस."

"त्याहून मोठी?"

"ताई, दोन जोडता येतील, चार जोडता येतील. भिंतभर लावून देतो." त्याने आवाज उतरवला. "पण शेवट प्रत्येकीलाच आहे. हे मी सांगायला नको खरं तर, दुकान चालवायचंय मला."

आई डब्यावर वाकली. "संपत आली हे कळतं कसं?"

"पुढे आकडा दिसतो. फार खाली आला की वाजते."

"वाजल्यावर मी काय करायचं?"

दुकानदार फडक्याने डबा पुसू लागला. डबा स्वच्छच होता.

"मला फोन करायचा, आई," मुलगी म्हणाली.

"तू तिकडून काय करणार?"

आईच्या आवाजात राग नव्हता. भाजीचा भाव विचारावा तसं तिने विचारलं होतं. 

तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या दुकानांवरच्या पाट्या विझल्या. शेजारच्या गिरणीची घरघर बंद पडली. या दुकानातला दिवा मात्र जळतच होता.

"बघा, पापणीसुद्धा लवली नाही," दुकानदार सवयीने बोलून गेला. आई दारापर्यंत पोचली होती.

"मोठी द्या," मुलगी पाठमोरीच म्हणाली. "आजच बसवा."

"मी स्वतः येतो. तुम्ही निघा आधी!"

रिक्षा चौकापर्यंत गेली आणि अडकली. सिग्नल बंद होता, चारही बाजूंच्या गाड्या एकमेकींत घुसल्या होत्या. मुलीने फोन लावला. बाबांजवळ शेजारच्या काकू बसल्या होत्या, शिवणकाम करणाऱ्या. फोन बराच वेळ वाजत राहिला. मग काकूंचा धापा टाकणारा आवाज आला.

"मशीन बंद पडलं गं. मी पिशवी लावलीय."

हाताने दाबायची रबरी पिशवी, गळ्याच्या नळीला लावायची. ती कशी दाबायची हे आईने काकूंना शिकवून ठेवलं होतं. मुलीला हे आत्ता कळत होतं. फोनमधून आवाज येत होता, फस्, आणि जरा थांबून पुन्हा फस्.

"घाई करू नकोस गं," आई फोनवर वाकून ओरडली. "तुझ्या श्वासाबरोबर दाब. तू घेशील तेव्हा त्यांना दे."

"हात भरून आलेत, वहिनी."

"हात बदल. पण थांबू नकोस."

रिक्षावाल्याने हॉर्नवरचा हात काढला. तो उतरून पुढे गेला, गाड्यांपुढे हातवारे केले, एकाशी भांडला, परत आला. एकही गाडी हलली नव्हती.

"मी धावत जाते," मुलगी म्हणाली.

"पूल आहे. मग चढ आहे." आई म्हणाली.

तरी मुलीने एक पाय खाली टाकला. तेवढ्यात फोनमध्ये काकू ओरडल्या, "आली! वीज आली! नळी जोडली मशीनला. चाललंय, वहिनी. डोळे उघडे आहेत. माझ्याकडे बघतायत."

मुलीने पाय आत घेतला. तिला रडू फुटलं. रिक्षावाल्याने आरशातली नजर काढून बाहेर लावली. समोरचा सिग्नल पुन्हा सुरू झाला होता. गाड्या मात्र होत्या तिथेच होत्या.

आईचा उजवा हात मांडीवर होता. मूठ मिटत होती, उघडत होती, जरा थांबून पुन्हा मिटत होती.

"आई, वीज आली," मुलगी म्हणाली.

"हो, ऐकलं."

मुलीने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिच्या तळव्यांमध्ये तो तसाच दाबत राहिला, सोडत राहिला.