तळघरातली कोठडी

"आजी, जपून. खालची पायरी फुटली आहे," प्यो सर म्हणाले आणि त्यांनी बॅटरीचा झोत जिन्यावर धरला.

संध्याकाळी विद्यापीठाची सभा भरणार होती. लाल इमारत ठेवायची की पाडायची, याचा आज निकाल. कोरियावर जपान्यांचे राज्य होते तेव्हा ही इमारत त्यांच्या पोलिसांची होती, आणि तळघरात कोठड्या होत्या. स्वातंत्र्यानंतर वर वर्ग भरू लागले, खाली मोडकी बाके गेली. इतिहास शिकवणारे प्यो सर ती वाचावी म्हणून वर्षानुवर्षे झगडत होते. विद्यार्थ्यांना मात्र ती डोळ्यांसमोर नको होती. गुलामीची खूण जपायची कशाला?

भांडण मिटेना, तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवले, की मा कुम-सुन आजी सांगतील ते करायचे. ‘माझे वडील त्या इमारतीत होते,’ एवढेच त्यांनी फोनवर सांगितले होते. त्यापुढे बोलायची कुणाची छाती होती?

मुलांची पुढारी हे-रिम पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ घेऊन मागून येत होती. "आजी, सरांचं या इमारतीवर बायकोपेक्षा जास्त प्रेम आहे. त्यांचं काही ऐकू नका."

"बायको या छतासारखी गळत असती तर कधीच माहेरी धाडली असती," आजी म्हणाल्या.

हे-रिम खुदकन हसली. सरांना हसू फुटेना. ते कोटाचे बटण लावत होते, काढत होते.

खाली ओल होती. आजींच्या बोटांत जपमाळ सरकत होती, ओठांवर बुद्धाचे नाव होते.

"तुम्ही आला होतात इथे?" सरांनी विचारले.

"रोज. वडिलांचा डबा घेऊन. आठ-नऊ वर्षांची असेन."

कैद्यांचे जेवण घरून यायचे, हे सरांना ठाऊक होते. "दारातूनच परत पाठवत असतील."

"नाही. मला कुणी अडवत नसे."

"लहान पोर म्हणून दया आली असेल," सर पुटपुटले.

"डब्यात काय असायचं, आजी?" हे-रिमने विचारले.

"भात. कधी मासा."

पोरीचे डोळे भरले. "त्या दिवसांत भात! आईनं पोटाला चिमटा घेतला असेल."

आजींच्या हातातली माळ जरा भरभर सरकू लागली.

कोठड्या सुरू झाल्या. एकीच्या भिंतीवर ओरखडे होते. आजींनी तिकडे पाहिले आणि मान वळवली.

"दारं लावली, की आवाज कमी यायचे," त्या हळूच म्हणाल्या.

सरांना आता राहवेना. "आजी, काय ते एकदा सांगून टाका. पाडा म्हणालात तर मी चकार शब्द काढणार नाही."

आजी थांबल्या. "ठेवा."

"आजी!" हे-रिम जवळजवळ ओरडलीच. "जिथं तुमच्या वडिलांचे..."

"पाडली तर मला फार बरं वाटेल, पोरी. म्हणूनच म्हणते, ठेवा."

सरांनी भिंतीला हात टेकला. इतक्या वर्षांचे ओझे उतरले होते.

हे-रिमने बाहीने नाक पुसले. "शब्द दिलाय, मोडणार नाही. पण निदान फुलं ठेवू द्या. त्यांच्या नावाची पाटीही लावू आम्ही. कुठली कोठडी त्यांची?"

आजी चालू लागल्या. पहिली कोठडी गेली, दुसरी गेली. एकेक करत सगळ्या मागे पडल्या. बोळाच्या टोकाला एक मोठी खोली होती. छताशी झरोका, भिंतीत शेगडीचे धुराडे. तिच्या उंबऱ्याशी त्या उभ्या राहिल्या.

हे-रिम गुच्छ ठेवायला वाकली. सर घाईघाईने पुढे झाले. "आजी, अंधारात चुकलात तुम्ही. ही कोठडी नव्हे, ही पहारेकऱ्यांची खोली."

"चुकले नाही," आजी म्हणाल्या. त्यांनी हे-रिमचा हात धरला. "फुलं तिकडे ने, पोरी, कोठड्यांपाशी. माझे वडील इथे बसायचे."