बिनबोलावता आलेला भगत

पडद्यावर लाल चौकट उघडझाप करू लागली आणि सुदर्शन सरांचा चेहरा तिच्याहून लाल झाला.

"व्हायरस! सत्तावीस व्हायरस सापडलेत म्हणतोय!" सर ओरडले. ऐकायला खोलीत एकटी हौशी होती, आणि तिच्या हातात केरसुणी होती.

हे सुदर्शन सर खोडाळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या आश्रमशाळेचे मुख्याध्यापक. २००५ साल. जव्हारला तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केलेला, त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर मधोमध टांगलेलं. त्या खोलीत चपला घालून यायची कोणाची टाप नव्हती. मशीनला लोकरीचं झाकण, मशीनपुढे रोज उदबत्ती. आणि हाच माणूस दर शनिवारी मुलांना अंधश्रद्धेवर भाषण ठोकायचा!

हौशी झाडायला आली की एकच ओरडा. "त्या फोनच्या वायरला हात लावू नकोस! सगळं जग त्या वायरीतून आत येतं. ती निघाली की खेळ खलास."

आठ दिवसांपूर्वी सरांनी त्याच वायरीतून फुकटचे मासे आणले होते. पडद्यावर पोहणारे. साहेब तपासणीला आले की दाखवायला. फुकट ते पौष्टिक! तेव्हापासून मशीन धापा टाकत होतं आणि कुठून कुठून चौकटी उगवत होत्या. माशांचा आणि चौकटींचा काही संबंध असेल, हे त्या सर्टिफिकेटवाल्या डोक्यात आलं नाही.

मशीनमध्ये एक यादी होती. सातवी पास झालेल्या एकोणीस मुलींची, जव्हारच्या वसतिगृहासाठी. अकराव्या नंबरावर हौशीची चैती. यादी उद्या फ्लॉपीवर जव्हारला पोचली नाही, तर चैती दिवाळीनंतर बापामागून वीटभट्टीवर जाणार, हे हौशीला पक्कं ठाऊक होतं. हाताने लिहिलेली यादी सरांनी फाडून टाकली होती. कागदाचा जमाना संपला म्हणे.

"'यस' दाबलं की सगळं साफ करून देतोय," सर म्हणाले. "तेही फुकट."

"कोण देतोय?"

"कंपनी."

"कोणची?"

सरांनी चौकटीवर वाकून नाव शोधलं. त्यांनाही ते कुठे माहीत होतं?

"सर," हौशीने विचारलं, "तुमी तेच्याकडं दाणे घेऊन गेले व्हते का?"

या डोंगरात घरात कोणी आजारी पडलं, की त्याच्या अंगावरून मूठभर तांदूळ ओवाळून घरचं माणूस ते भगताकडे नेतं. भगत दाणे बघतो, मग काय झालंय ते सांगतो. तो आपल्या पायाने कोणाच्या दारात जात नाही.

"दाणे नेले नाय, बोलावला नाय, अन् दारात येऊन सांगतो का तुज्या घरात भूत हाय, तो भगत नाय सर. लिंबू तेनंच उंबऱ्याखाली पुरलेलं असतं. मग तोच उकरून दाखवतो."

सर पोट धरून हसले. "अडाणी ती अडाणीच! बाई, हे विज्ञान आहे. तू तुझा केर काढ."

हौशी वाकली, टेबलाखाली शिरली आणि झाडू लागली. सरांनी उदबत्ती पेटवली, हात जोडले, डोळे मिटले आणि 'यस' दाबलं.

डोळे उघडले तर चौकट गायब. पडदा पांढराफट. कोपऱ्यात इंग्रजीत एक बारीक ओळ आली होती, ती वाचायची तसदी कोण घेतो?

"धुतलं!" सर टाळी वाजवून म्हणाले. "एक व्हायरस शिल्लक नाही!"

यादी जागच्या जागी होती. सरांनी ती फ्लॉपीवर घेतली. मग कळलं की शाळेचा फोनही बंद पडलाय, पण पावसात इकडचे फोन मरतातच. कोणी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी जव्हारच्या कचेरीत याद्या घेणाऱ्या नीता मॅडमनी फ्लॉपी लावून बघितली. "नशीब तुमचं, सर. शेजारच्या शाळेत अशीच लाल चौकट आली होती. त्यांनी 'यस' दाबलं, काहीतरी आत उतरलं आणि मशीन कायमचं झोपलं. त्यांची एकही मुलगी यंदा यादीत नाही."

"त्यांना दाबता आलं नसेल," सर म्हणाले.

शनिवारी प्रार्थनेनंतर भाषण झालंच. चैती दाखला न्यायला आली होती, ती मागे भिंतीला टेकून उभी होती. "आपली हौशीबाई मला विचारते, दाणे नेले व्हते का?" सरांनी तिची नक्कल केली. अख्खी शाळा खो खो हसली. हौशी पाण्याची टाकी घासत होती, ती घासतच राहिली. जनाची नाही तर मनाची तरी असावी माणसाला! सरांना कुठलीच नव्हती.

घरी जाताना चैतीचे डोळे भरून आले. "आये, सगळ्यांसमोर तुझी लाज काढली त्यांनी. तू गप का बसलीस?"

"जव्हारला तुजं नाव लागलं ना?"

"लागलं."

हौशीने कमरेला खोचलेला पदर सोडला. आत फोनची करडी वायर होती, नीट गुंडाळलेली.

"सोमवारी देईन लावून," ती म्हणाली. "सरच सांगायचे ना, सगळं जग हेच्यातून आत येतं? मग म्हटलं, चोर पण हेच्यातूनच आला असल."