माझ्यासमोर

शिक्केबाईंनी भिंग पुन्हा कागदावर टेकवलं. एका इमारतीतल्या एक्केचाळीस बायका, एक्केचाळीस सह्या. पहिली सोडली तर मनगट एकच.

पाच वाजता हा शिक्षा रद्द करण्याच्या मागणीचा अर्ज एका परक्या देशाच्या वकिलातीत जायचा होता. तिथल्या धर्मन्यायालयाने एका बाईला दगडांनी ठेचून मारायची शिक्षा दिली होती. गुन्हा व्यभिचाराचा, पुरावा फक्त तिचा कबुलीजबाब. त्यावर तिची सही ठोकली होती दिराने. खाली कोर्टाच्या कारकुनाने लिहिलं होतं, ‘सही माझ्यासमोर केली.’ सगळी लढाई त्या खोट्या सहीवर उभी. आपल्याच अर्जात खोट्या सह्या निघाल्या, तर ती बाई गेलीच.

जो तो न्यायाधीशाला शिव्या घालत होता. शिक्केबाईंना कुतूहल त्या कारकुनाचं. मेला दिसतो तरी कसा? दोन वेळ जेवण जात असेल का घशाखाली? त्यांची स्वतःची एकतीस वर्षं नोटरीच्या ऑफिसात कागदांवर शिक्के मारण्यात गेली होती. माणसं त्या विसरायच्या; सही कधीच नाही.

त्यांनी इमारतीच्या अध्यक्षांना बोलावून घेतलं. गृहस्थ हसतमुख आले.

"एका दुपारी इतक्या सह्या? बायकांनी रांग लावली होती की काय?"

"बाई, तुमच्यापासून काय लपवायचं? कुणाचं पोर रडतंय, कुणाकडे पाहुणे. मीच करून टाकल्या. चांगल्या कामाला नाही कोण म्हणणारंय?"

"एकीला तरी विचारलंत?"

"आता त्यात काय विचारायचं?"

शिक्केबाईंनी लाल पेन उचललं आणि चाळीस सह्यांवर काट मारली. पहिली ठेवली. ती अध्यक्षांच्या बायकोची. वर वळलेली शेपटी, खाली दोन टिंबं. बारा वर्षांपूर्वी तिने माहेरचं घर नवऱ्याच्या नावावर केलं, त्या कागदावर हीच होती.

"ही तेवढी खरी," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांना हसू आवरेना. "ती होय? ती तर लग्नापासून मीच करतो. हात बसलाय आता."

भिंग जागच्या जागी थांबलं. बारा वर्षांपूर्वी त्या दिवशी बायकोला ताप होता. अध्यक्ष एकटेच सही केलेला कागद घेऊन आले होते. घरचाच माणूस, म्हणत शिक्केबाईंनी शिक्का उमटवला होता. त्यावरचे शब्द त्यांना आठवावे लागले नाहीत.

तो कारकून कसा दिसतो ते त्यांना कळलं. दोन वेळ जेवत होता. दुपारी डुलकीही काढत होता.

त्यांनी पहिल्या सहीवर काट मारली, कोरा कागद घेतला आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालात, बाई?"

"तुमच्या घरी. तुमच्या बायकोला दोन सह्यांचं विचारायचंय. एक आजची, एक बारा वर्षांपूर्वीची."