तीन बोटं

जबड्याचं ऑपरेशन झालेल्या पाचोडच्या कडुबांना आज कॅन्सरच्या दवाखान्यातून सुट्टी होती. रत्नमाला सिस्टर त्यांच्या मुलाला, गोकुळला, घरी करून घ्यायचा व्यायाम शिकवत होत्या.

"तोंडात उभी तीन बोटं जायला पाहिजेत. रोज थोडं थोडं उघडायला लावायचं. आधी तू करून दाखव, तुझं बघून ते करतील."

गोकुळ बेसिनमध्ये गुटखा थुंकून आला. तोंड उघडलं. एक बोट गेलं, दुसरं दातांना अडलं.

"थट्टा नको. नीट उघड."

"थट्टा नाय सिस्टर, माझं एवढंच उघडतं. लई दिवस झाले."

कडुबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी लेकाचं मनगट गच्च धरलं.

सिस्टरनं सुट्टीचा कागद बाजूला ठेवला आणि कोरा केसपेपर पुढं ओढला.

"वय?"

"तेवीस."